बाटलीतले पाणी आणि त्वरण

गेल्या महिन्यात सोलापूरहून पुण्याला जाताना नववीतली भाची सोबत होती. त्वरणाची, म्हणजे वेग बदलण्याच्या दराची, सगळी उदाहरणे तिने वहीत अचूक सोडवली होती, तरीही "मामा, सेकंदाचा वर्ग म्हणजे नक्की काय?" हा तिचा प्रश्न मला रास्त वाटला, कारण वेळेचा चौरस कोणी पाहिलेला नसतो. मीटर प्रति सेकंद वर्ग हे त्वरणाचे एकक तसे लबाडच आहे. मात्र 'वेग दर सेकंदाला इतक्या मीटर प्रति सेकंदाने बदलतो' असे सावकाश वाचले, की त्यातला एक सेकंद वेगाचा आणि दुसरा बदलाचा, हे लक्षात येते.

गाडीने फलाट सोडला तेव्हा मोबाइलवर वेग पाहत आम्ही सेकंद मोजले. 40 सेकंदांत ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेग झाला. सरासरी त्वरण 0.25. त्याच वेळी अर्धी भरलेली बाटली गाडीच्या दिशेने आडवी धरली, तर पाणी मागच्या टोकाकडे किंचित चढले होते. 0.25 ला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे 9.8 ने भागले की पाण्याचा उतार मिळतो, आणि 20 सेंटिमीटर लांबीत तो जेमतेम 5 मिलिमीटर भरतो. बाळे स्टेशन मागे पडल्यावर गाडी ताशी शंभराने एका लयीत धावू लागली, तेव्हा वेग बदलत नसल्याने त्वरण शून्य झाले आणि पाणी सपाट झाले. भाचीला हे पटेना, कारण गाडी जोरात म्हणजे त्वरण जास्त, अशी तिची समजूत होती. मोहोळच्या अलीकडे ब्रेक लागले आणि पाणी पुढच्या टोकाकडे सरकले; पुस्तकातले ऋण त्वरण ते हेच.

वर फेकलेल्या चेंडूचे उदाहरण याहून अवघड आहे. सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग शून्य असतो, पण त्वरण तेव्हाही खालच्या दिशेने 9.8 असते; त्वरणही शून्य असते, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

परतल्यावर स्टेशनवरून रिक्षाने घरी निघालो. सात रस्ता चौकात रिक्षा वेग कमी न करता वळली (आपल्याकडे यात नवल नाही) आणि पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूला चढले; नुसती दिशा बदलली तरी ते त्वरणच. या वेळी बाटली भाचीने आपणहून रस्त्याला काटकोनात धरली होती.