बांध कोरला गेलाय? मोजणीआधी टिपण काढा

बांध एका रात्रीत सरकत नाही. नांगराचा फाळ दर हंगामाला थोडा थोडा आत येतो. 200 मीटरच्या बांधावर वर्षाला फक्त 10 सेंटिमीटर गेले, तरी पाच वर्षांत 100 चौरस मीटर जातात. म्हणजे एक आर, जवळपास एक गुंठाच (33 बाय 33 फूट).

हे लक्षात आलं की लोक सातबारा आणि टेप घेऊन बांधावर उभे राहतात आणि तिथेच भांडण पेटतं. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द नाही. 80 आर जमीन कोणत्याही आकारात बसते. हद्द असते नकाशात आणि टिपणात, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी मापांसह काढलेल्या रेखाटनात. म्हणून मोजणीचा अर्ज करण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गट नकाशा, टिपण, आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद), पोटहिस्से असतील तर फाळणी (पोटहिस्से पाडल्याचा अभिलेख) आणि एकत्रीकरणाच्या (तुकडे जोडून गट केल्याच्या) नोंदी यांच्या नकला काढा. जुन्या टिपणावरची मापं शंकू-साखळीची असतात. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 5 साखळ्या 8 आणे म्हणजे 181.5 फूट. हा हिशेब जमला की टिपण स्वतःला वाचता येतं.

दोन अडचणी इथेच कळतात. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा काही ठिकाणी गट नकाशा आणि मूळ टिपण यांचा मेळ बसलेला नाही. तसं दिसलं तर आधी अभिलेख दुरुस्ती, मग मोजणी. दुसरं, भावाभावांची वाटणी तोंडी असेल, तर मधली हद्द नकाशावर नसतेच. ती ‘हद्द कायम’ मोजणीत (अभिलेखातली हद्द जमिनीवर दाखवणाऱ्या मोजणीत) सापडणार नाही. आधी रीतसर वाटप आणि पोटहिस्सा मोजणी करून घ्या.

अर्ज भूमी अभिलेख विभागाच्या ई-मोजणी प्रणालीवर ऑनलाइन होतो. नियमित किंवा द्रुतगती निवडा आणि चलन भरा. खरं महत्त्व आहे लगतच्या खातेदारांच्या यादीला. एकाला जरी नोटीस पोहोचली नाही, तरी पुढे हरकतीला मोकळं रान मिळतं. मयताच्या नावावर सातबारा असेल तर वारसांची नावं आणि पत्ते द्या. तारीख पिकाच्या बेताने घ्या. उभ्या उसात भूकरमापकाला (मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला) कोपरेच दिसत नाहीत. त्या दिवशी हद्दीचे दगड, चुना, झुडपं तोडायला कोयते आणि दोन-तीन गडी तयार हवेत. मारामारीची भीती असेल तर पोलीस बंदोबस्ताची मागणी आधीच करून ठेवा.

आता रोव्हरमुळे (उपग्रहांच्या आधारे जागा दाखवणाऱ्या यंत्रामुळे) बिंदू चटकन मिळतो, पण नकाशा जमिनीवर कशाच्या आधारे बसवला हा प्रश्न तसाच राहतो. हे भूकरमापकाला विचाराच. जुने दगड, गावची शीव, नकाशात असलेली विहीर असे न हललेले बिंदू घेतले पाहिजेत. वादातला बांधच पक्का धरला, तर मोजणी तुमचाच वाद तुम्हाला परत देईल. आजूबाजूचे गटही तपासले जाणं चांगलं. एकट्याच गटावर क्षेत्र जुळवलं की चूक शेजाऱ्याच्या रानात ढकलली जाते.

पंचनाम्यावर न वाचता सही करू नका. हरकत असेल तर तिथेच लिहून द्या. नंतर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीवर (मोजणीच्या नकाशावर) अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. कोणती रेषा कशाची ते नकाशावरच्या खुणांवरून बघा. निकाल पटला नाही तर निमताना मोजणी (वरिष्ठांकडून फेरमोजणी), त्यानंतर सुपर निमताना (त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडून). तिथेही मुद्दा नेमका मांडा: कोणता दगड, टिपणातलं कोणतं माप.

मोजणी खाते हद्द दाखवतं, ताबा देत नाही. हे न कळल्यामुळे बरेच जण दगड रोवला त्याच संध्याकाळी कुंपण घालतात आणि उलट तक्रार अंगावर घेतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 138 मध्ये हद्द ठरल्यावर चुकीचा कब्जा काढण्याची तरतूद आहे. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. तिथे कोर्ट कमिशनर नेमून मोजणी मागता येते. नुकताच बळजबरीने ताबा घेतला असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खालचा दावा सहा महिन्यांतच करावा लागतो. तडजोडीच्या बैठकांत ही मुदत उलटू देऊ नका. उलट बारा वर्षं गप्प राहिलात, तर समोरचा प्रतिकूल कब्जा, म्हणजे दीर्घ ताब्यावरून मालकीचा हक्क, सांगू शकतो.

दगड निम्म्याहून जास्त गाडा. प्रत्येक दगडापासून विहिरीचा कठडा, पक्क्या बांधकामाचा कोपरा अशा दोन वेगवेगळ्या न हलणाऱ्या बिंदूंपर्यंतची अंतरं मोजून ‘क’ प्रतीच्या झेरॉक्सवर लिहा. दगड उपटला गेलाच, तर दगड होता त्या बाजूला ती दोन मापं जिथे छेदतात तिथे जागा पुन्हा सापडते.