खोडलेले साडेसोळा

अकोल्यात मे महिन्यात भर दुपारी कूलर बंद करायला सांगणारी बाई वेडीच म्हणायची. त्या दिवशी ती बाई मी होते. रेझोनन्स ट्यूबमधला, म्हणजे ध्वनीचा वेग मोजायच्या नळीतला आवाज ऐकायचा तर कूलरची घरघर चालत नाही. चार मुलं, मी आणि प्रयोगशाळेचे मामा, असे सहा जण घामाने निथळत काचेच्या एका नळीला कान लावून उभे होतो.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, सतरा वर्षं झाली. बारावीची बोर्डाची परीक्षा संपली की आमचं काम तसं संपतं. पण जेईई मेनचा निकाल लागला की दोन-चार मुलं ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात आणि चेहरे पाडून परत येतात. देशभरातून अडीच लाखांच्या आसपास मुलं तिथवर पोहोचतात, म्हणजे आनंदच व्हायला हवा. पण ॲडव्हान्स्ड हे प्रकरण वेगळं. एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर. त्यात एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असलेले प्रश्न, चुकीच्या पर्यायावर बोट पडलं की उणे गुण. आणि मुलांची खरी बोंब होते ती प्रयोगावरच्या प्रश्नांत: व्हर्नियरचा झीरो एरर, मीटर ब्रिजचं एंड करेक्शन, रेझोनन्स ट्यूब. कारण उघड आहे. दोन वर्षं मुलं क्लासमध्ये असतात. प्रॅक्टिकलला येतात ती जर्नलवर सही घ्यायला. बोर्डाचे तीस गुण आम्ही हात आखडून देत नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि आम्हालाही.

म्हणून यंदा त्या चौघांना म्हटलं, आठवडाभर दुपारी या, लॅब उघडते.

चौघांत एकच मुलगी. बाळापूरकडच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीत पहिले तीन महिने ती माझ्या इंग्रजी वाक्यांखाली वहीत बारीक अक्षरात मराठी शब्द लिहायची. वेव्हलेंग्थखाली तरंगलांबी, डेन्सिटीखाली घनता. दिवाळीनंतर ते बंद झालं. प्रश्न सोडवण्यात तिचा हात इतका चालतो की बाकी तिघं कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत हिचं उत्तर लिहून झालेलं असतं.

त्या दिवशी सकाळच्या सत्रात जुने पेपर काढले होते. २०१२ सालच्या प्रवेश परीक्षेतला एक प्रश्न नेमका रेझोनन्स ट्यूबचा. नळीचा व्यास ४ सेंटिमीटर, ट्यूनिंग फोर्क (आपटला की एकाच सुरात वाजणारा काटा) ५१२ हर्ट्झचा, हवेचं तापमान ३८ अंश आणि त्या तापमानाला ध्वनीचा वेग ३३६ मीटर प्रति सेकंद. पहिला रेझोनन्स येईल, म्हणजे नळीतला आवाज पहिल्यांदा भरून येईल, तेव्हा पाण्याची पातळी पट्टीवर किती? तरंगलांबीचा चौथा भाग १६.४. त्यातून एंड करेक्शन, म्हणजे नळीच्या उघड्या तोंडासाठीची दुरुस्ती, व्यासाच्या ०.३ पट, १.२ वजा. उत्तर १५.२ सेंटिमीटर. १६.४ हाही पर्याय ठेवलेला, करेक्शन विसरणाऱ्यांसाठी. तिघांनी बरोबर सोडवला, एक जण १६.४ ला बळी पडला. मी म्हटलं, दुपारी हाच प्रयोग करू, म्हणजे करेक्शन जन्मात विसरणार नाही.

दुपारी मामांनी नळीत पाणी भरलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, हात घातला तर चटका. मामा म्हणाले, "मॅडम, ह्या पान्यात चहापत्ती टाकली की चहा होते." भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३८. प्रश्नातलं तापमान आयतंच जुळून आलं, तेव्हा त्याची गंमत वाटली आणि मी विसरून गेले.

आमच्या नळीचा व्यास ३ सेंटिमीटर. फोर्क रबराच्या पॅडवर आपटायचा (टेबलाच्या कडेवर नाही, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कुणीतरी आपटतंच), नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. बराच वेळ काही नाही. मग एका जागी नळी अचानक बोलायला लागते. काट्याचा तो मरतुकडा आवाज एकदम भरून येतो. पाणी अर्धा सेंटिमीटर आणखी खाली गेलं की पुन्हा गप्प. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. एक जण चक्क नळीत डोकावला, आत कुणी आहे का बघायला.

प्रत्येकाने एकेकट्याने रीडिंग घ्यायचं ठरलं होतं. ती मुलगी पहिली. पंधरा मिनिटांनी वही घेऊन आली. "मॅडम, ३३८ आला."

पहिला रेझोनन्स १५.६, दुसरा ४८.६, फरक ३३.०. दोनदा फोर्कची वारंवारिता गुणिले फरक, ३३८. नीटनेटका तक्ता. "छान" हा शब्द माझ्या ओठांवर आलेलाच होता. पण घामाने ओलसर झालेल्या त्या पानावर खोडरबराचे काळे कण चिकटले होते, आणि १५.६ च्या खाली पेन्सिलीचा दाब उमटून राहिला होता. पान तिरपं धरलं तर वाचता आलं: १६.५.

काही न बोलता तिला परत नळीपाशी नेलं. "मला ऐकव."

तिने फोर्क आपटला, पाणी खाली नेलं. नळी बोलली. आम्ही दोघींनी वाकून पाहिलं. साडेसोळा. दुसरा ५१.२ ला. फरक ३४.७, वेग ३५५.

"मग खोडलं का?"

"चुकलं होतं ना, मॅडम."

"कशावरून चुकलं?"

"३५५ येत होता."

"आणि ३३८ कुठून आला?"

ती खाली मान घालून म्हणाली, "उलटं काढलं. सकाळच्या प्रश्नात ३३६ होता. तेवढाच आणला असता तर तुम्हाला डाऊट आला असता."

बाकीचे तिघं हसले. मलाही हसू आलं, आणि त्याच क्षणी पोटात काहीतरी खड्डा पडल्यासारखं झालं. ३८ अंश. शून्य अंशाला ध्वनीचा वेग साधारण ३३१, दर अंशाला ०.६ ची भर. अडतीस गुणिले सहा दशांश, म्हणजे जवळपास तेवीस. ३५४. पोरीचं रीडिंग एक मीटरने चुकत होतं. आमच्या पट्टीवर एक मिलिमीटर हुकला की वेगात एक मीटरचा फरक पडतो, म्हणजे तिचा कान एका मिलिमीटरच्या आत बरोबर होता. खऱ्या हवेशी जुळत नव्हता तो सकाळच्या प्रश्नातला ३३६. इतका कमी वेग साधारण आठ-नऊ अंशाच्या थंडीतला.

फळ्यावर मांडून दाखवलं. प्रश्नातल्या ४ सेंटिमीटरच्या नळीत, खऱ्या ३८ अंशाच्या हवेत पहिला रेझोनन्स १६.१ च्या आसपास यायला हवा. चार पर्यायांत तो नाहीच. मी तो प्रश्न कितीतरी बॅचना शिकवला होता. ३८ हा आकडा माझ्या डोळ्यांना कधी दिसलाच नव्हता, कारण सोडवायला तो लागत नाही.

यानंतर जे आठवलं ते लिहायला मला फारसं आवडत नाही, पण लिहिते. मुलं बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा मी कोपऱ्यातलं कपाट उघडलं. न नेलेली जुनी जर्नलं तिथे पडून असतात. रेझोनन्स ट्यूबचं पान काढत गेले. ३४०. ३४१. ३३८.५. ३४०.२. रूम टेंपरेचर सगळ्यांचं २७. जानेवारीत २७, ऑगस्टमध्ये २७, फेब्रुवारीच्या दुपारीही २७. आता २७ जरी खरं मानलं तरी वेग ३४७ हवा. ३४० हा पंधरा अंशाचा वेग. अकोल्यात पंधरा अंशाला प्रॅक्टिकल घ्यायचं तर डिसेंबरात पहाटे घ्यावं लागेल. आणि या प्रत्येक पानाखाली लाल शाईत माझी सही.

पण त्यातला एक मुलगा मला चेहऱ्यानिशी आठवला. सहा-सात वर्षांपूर्वीचा, कधी फार न बोलणारा. फेब्रुवारीत, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी, त्याने ३५२ लिहून आणलं होतं. मी पान न तपासताच त्यावर लाल पेनाने "रिपीट" लिहिलं. पुढच्या आठवड्यात तो ३४१ घेऊन आला आणि मी सही केली. प्रयोग करायचा कसा ते त्याला माझ्या आधी कळलं होतं. सही कशी मिळते ते मी शिकवलं.

मुलं परत आली तेव्हा त्यांना हे सांगितलं. सगळं नाही, त्या मुलाचं सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, "पण मॅडम, सगळेच करतात ना. न्यूटनने पण केलं असेल."

तो गंमतीत बोलला, पण खरोखरच केलं होतं. न्यूटनने गणिताने ध्वनीचा वेग काढला तो सेकंदाला ९७९ फूट. मोजलेला वेग ११४२ च्या घरात. १७१३ साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ती दरी बुजवली: हवेच्या कणांना जाडी असते, तेवढ्या अंतरातून ध्वनी तत्काळ जातो, शिवाय हवेतल्या वाफेचा थोडा हिशोब, असं करत करत उत्तर मोजलेल्या आकड्यावर आणून बसवलं. खरी गोष्ट शंभर वर्षांनी, १८१६ साली लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने सांगितली. ध्वनीतलं आकुंचन-प्रसरण इतकं झटपट होतं की उष्णतेला इकडून तिकडे जायला वेळच मिळत नाही; तापमान स्थिर धरणंच चूक. अकरावीच्या पुस्तकात ही दुरुस्ती दीड पानात आहे आणि मुलांना ती सूत्रासकट पाठ असते. न्यूटनने मधल्या काळात काय उद्योग केला, ते पुस्तकात नाही.

"म्हणजे न्यूटनला पण रिपीट," मामा कोपऱ्यातून म्हणाले. त्यांना यातलं किती कळलं ते ठाऊक नाही. बहुतेक सगळंच. वीस वर्षं तेच तर ती नळी भरतायत.

मुलगी मात्र हसली नाही. "मॅडम, पण पेपरात हाच प्रश्न आला तर काय टिक करायचं? १५.२?"

"१५.२."

"तो चुकीचा असला तरी?"

"प्रश्नात ३३६ दिलंय ना, मग ३३६ च धरायचं. प्रश्न त्यांच्या हवेतला आहे."

उत्तर बरोबरच होतं, तिला गुणही त्यानेच मिळणार. तरी बोलताना माझाच आवाज मला शिळा वाटला. तिने मान डोलावली, पण पटल्याची नाही. लक्षात ठेवल्याची. परीक्षेत काय लिहायचं आणि नळीत काय ऐकायचं हे दोन कप्पे तिने तिथल्या तिथे वेगळे केले असावेत. सतराव्या वर्षी हे जमावं याचं कौतुक करावं की वाईट वाटून घ्यावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाच वाजता कूलर सुरू केला. बाकीचे तिघं पांगले. ती दप्तर भरता भरता थांबली. "मॅडम, सकाळी गारव्यात केलं तर कमी येईल ना? किती येईल सांगू?" आणि बोटांवरच हिशोब केला. थर्मामीटर ३१ वर आला तर सात अंश कमी, वेग चार मीटरने कमी, म्हणजे दोन रेझोनन्समधलं अंतर चार मिलिमीटरने कमी. "ऐकू येईल एवढा फरक, मॅडम?"

"मला नाही माहीत. कधी करून पाहिलं नाही."

हे वाक्य मी वर्गात आधी कधी उच्चारल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला ती एस.टी.ने आली. मामांनी चावी आणली, थोडी कुरकुर करून. खिडक्या रात्रभर उघड्या ठेवल्या होत्या, तरी लॅब तापलेलीच. थर्मामीटर ३१ वर. पाणी आता कोमट. कूलर नाही, रस्त्यावर रिक्षा नाही, नळी इतकी स्पष्ट बोलली की मामाही जवळ आले. तीन वेळा घेतलं. पहिला रेझोनन्स १६.२, दुसरा ५०.४. फरक ३४.२. काल ३४.७ होता.

पाच मिलिमीटर. तिने चार म्हटलं होतं.

"एक चुकला," ती म्हणाली, आणि खोडरबर शोधण्यासाठी तिचा हात कंपासपेटीकडे गेला. मग थांबला. माझ्या खिशाला लावलेलं लाल पेन तिने मागून घेतलं आणि ३४.२ त्यानेच लिहिलं. खाली रूम टेंपरेचर ३१, वेळ सकाळी ६.४०.

मामा विचारत होते, पाणी सोडून देऊ का ठेवू दुपारपर्यंत.