जॉर्ज राइट : उघड्या हातांचा शॉर्टस्टॉप

नागपूरच्या गल्लीत ‘एक टप्पा आऊट’ खेळून मोठं झालेल्याला जुनं बेसबॉल पटकन उमगतं. 1869 मध्ये फाउल, म्हणजे मैदानाच्या रेषेबाहेर, गेलेला चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी बॅटर बाद होई. त्याच वर्षी सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ मैदानात उतरला: 57 विजय, हार एकही नाही. सर्वांत मोठा पगार शॉर्टस्टॉप जॉर्ज राइटचा, 1400 डॉलर. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावपटूने गाठायच्या ठाण्यांच्या) मधला क्षेत्ररक्षक. कप्तान असलेल्या थोरल्या भावाला, हॅरीला, 1200.

घर क्रिकेटचं. वडील सॅम्युएल न्यू यॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबचे पगारी क्रिकेटपटू. हॅरीचा जन्म शेफिल्डचा, जॉर्जचा अमेरिकेतला, 1847 चा.

तेव्हा ग्लोव्ह नव्हते. उघड्या हाताने अडवताना बोटं चेंडूकडे रोखली तर सांधा निखळतो, म्हणून घरंगळत्या चेंडूला बोटं खाली, छातीवरच्याला वर, आणि चेंडू लागताच हात पोटाकडे ओढायचे. स्लिपमध्ये उभा राहणारा हेच करतो. जॉर्ज इतरांपेक्षा मागे उभा राहायचा. त्यामुळे चेंडू गाठायला वेळ जास्त मिळतो, पण बॅटर ज्याकडे धावतो त्या पहिल्या बेसवरचा थ्रो लांबतो. खांदा कच्चा असेल तर ही जागा घेऊच नये. त्याचा थ्रो जबरदस्त होता.

त्याची खरी करामत मात्र झेल सोडण्यात होती. पहिल्या बेसवर धावपटू आहे, चेंडू उंच उडालाय. झेल घेतला गेला तर परत बेसवर यावं लागेल म्हणून धावपटू जागचा हलत नाही. जॉर्ज चेंडू हातात घेऊन पायाशी पाडायचा. आता धावपटूला बॅटरसाठी पहिला बेस रिकामा करणं भाग, आणि दुसरा बेस 90 फुटांवर! चेंडू आधी दुसऱ्या बेसवर, तिथून पहिल्यावर, दोघंही बाद. हात कडक राहिले तर चेंडू उसळून लांब जातो, मग एकही बळी नाही. ही लबाडी म्हणा हवं तर, पण नियमात बसत होती. 1890 च्या दशकात इनफील्ड फ्लायचा नियम (अशा सोप्या उंच चेंडूवर झेल घेतला नाही तरी बॅटर बाद) आला तो असल्याच डावांमुळे.

14 जून 1870 ला ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने 11 डावांत 8-7 असं हरवून ती विजयी मालिका तोडली. पुढे दोघे भाऊ बॉस्टनला गेले. 1879 मध्ये मात्र जॉर्ज प्रॉव्हिडन्सचा मॅनेजर झाला आणि त्या एकाच हंगामात अजिंक्यपद घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर हॅरीचं बॉस्टन.