आजार दिसण्याआधीची वर्षे

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उभे आयुष्य काढलेल्या माझ्या मामांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे बेळगावात निदान झाले, तेव्हा तो यकृतापर्यंत पसरला होता. “दिवाळीत तर हे धडधाकट होते, मग हे दुखणं आलं कुठून?” असे मामींनी विचारले. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर माझ्याकडूनच अपेक्षित होते.

ते एकाएकी आले नव्हते. रुग्णांच्या गाठींतील जनुकीय बदल मोजून २०१० मध्ये संशोधकांनी असा अंदाज बांधला, की पहिल्या बदलापासून गाठीची मूळ पेशी तयार व्हायला किमान १० वर्षे जातात आणि तिच्या वंशातील पेशींना पसरण्याची ताकद यायला आणखी ५ वर्षे. जठरामागे दडलेल्या या ग्रंथीत त्या काळात काय घडते, हे माणसात पाहता येत नाही. म्हणून प्राण्यांकडे वळावे लागते. १९७० च्या दशकात सीरियन हॅमस्टरला नायट्रोसामाइन वर्गातील एक विशिष्ट कर्करोगकारक रसायन टोचून माणसासारखा, पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या धाटणीचा कर्करोग निर्माण करता आला. २००३ मध्ये माणसाच्या ९० टक्क्यांहून अधिक गाठींत आढळणारा केरास जनुकातील बिघाड उंदराच्या स्वादुपिंडात घडवला गेला, तेव्हा नलिकांमध्ये कर्करोगापूर्वीच्या बारीक विकृती क्रमाक्रमाने दिसल्या. २००५ मध्ये त्याला पी-५३ या कर्करोगाला आळा घालणाऱ्या जनुकाच्या बिघाडाची जोड दिल्यावर रोग झपाट्याने वाढून यकृतातही पसरला.

मला मात्र सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २००७ चा प्रयोग. आधीच्या उंदरांत केरासचा बिघाड गर्भावस्थेपासून जवळजवळ संपूर्ण ग्रंथीत असे, जे माणसात घडत नाही. या प्रयोगात तो प्रौढ उंदरांच्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींत घडवला, आणि तेवढ्याने कर्करोग झाला नाही. स्वादुपिंडाला दीर्घकाळ सूज आणल्यावरच तो झाला. धूम्रपानाने या कर्करोगाचा धोका वाढतो, तसाच अशा सुजेचाही वाढतो, आणि मामांची विडी ४० वर्षे सुटली नव्हती. त्यांच्याच बाबतीत असे घडले, असे कोणी खात्रीने म्हणू शकणार नाही, हेही मी मामींना सांगितले.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अधूनमधून पोट दुखायचं त्यांचं, पाठीतनं कळ यायची.” ते दुखणे आम्ही सर्वांनी पित्ताचे समजून सोडून दिले होते.