मी 'पानिपत' ऐकलं आणि बरोबर म्हणून टाकलं

शिकागोजवळ एका हायस्कूलमधे केमिस्ट्री शिकवते आणि सीझनमधे क्विझच्या मॅचेसना मॉडरेटर म्हणून बसते, म्हणजे प्रश्न वाचायचे, बझर कोणाचा आधी वाजला बघायचं आणि उत्तर बरोबर की चूक ते तिथल्या तिथे सांगायचं. इलिनॉयमधे या खेळाला स्कॉलॅस्टिक बोल म्हणतात, राज्याची चॅम्पियनशिप 1980 च्या दशकापासून चालू आहे, छोट्या शाळांचा गट वेगळा आणि मोठ्यांचा वेगळा. स्टेटला वाचायला मला पहिल्यांदाच बोलावलं होतं, आदल्या रात्री नीट झोपसुद्धा लागली नाही.

या सगळ्याचं मूळ कॉलेज बोल, 1953 मधे एनबीसी रेडिओवर सुरू झालेला, 1959 पासून टीव्हीवर. जुनी कोच मंडळी सांगतात की पूर्वी शाळांचे प्रश्न एका ओळीचे असायचे, ज्याचा हात जलद त्याचे पॉइंट. आताचा प्रश्न चांगला परिच्छेदभर असतो, सुरुवातीला एकदम अवघड क्लू, मग सोपे होत होत शेवटी कोणालाही येईल असा. ज्याने खरंच वाचलंय तो आधी बझर दाबतो. मला हे फार आवडतं.

तर छोट्या शाळांच्या गटातली मॅच, एक टीम शेतीवाल्या छोट्या गावातली. पुढचा प्रश्न उघडला आणि पहिल्याच ओळीत इब्राहिमखान गारदी! त्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी मोडली वगैरे. आवाज सपाट ठेवायचा असतो, मी ठेवला, पण आतून काय वाटत होतं ते मराठी माणसालाच कळेल. विश्वासरावांपर्यंत पोचायच्या आधीच त्या गावातल्या एका मुलाने बझर दाबला. "पानिपत." मी लगेच म्हटलं बरोबर, दहा पॉइंट.

आणि खाली बघितलं तर छापलेलं, नुसतं पानिपत म्हटलं तर 'कितवं' विचारा. 1526, 1556, 1761, तीन लढाया आहेत. शाळेत पाठ केलेल्या आहेत हो, पण आपल्या घरात पानिपत म्हणजे एकच ना, 14 जानेवारी 1761 चं.

समोरच्या कोचने प्रोटेस्ट नोंदवला, बरोबरच होतं त्यांचं. प्रोटेस्टचा निकाल मॅच संपल्यावर, तोही निकाल बदलणार असेल तरच लावतात. मॅच संपली आणि त्या छोट्या गावातली टीम फक्त दहा पॉइंटनी पुढे. माझे हात गार पडले, माझ्या चुकीने पोरांची स्टेटची मॅच जाणार. स्पर्धेच्या डायरेक्टरनी मुलाला बोलावलं, मी विचारायला हवा होता तोच प्रश्न विचारला, कितवी लढाई? "तिसरी. 1761. पहिल्या दोन्हींत गारदी नव्हता." पॉइंट कायम राहिले.

नंतर मी त्याची माफी मागायला गेले तर तो विचारतो, 'भाऊ'चा उच्चार कसा करायचा, त्याने फक्त वाचलेलं होतं. मी सांगितला. मग राहवेना म्हणून पानिपतची बातमी कळवणारं ते पत्रही सांगितलं, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे कोण ते सांगितलं. तो जरा वेळ काही बोलला नाही, मग खिशातून कार्ड काढून म्हणाला, परत एकदा सांगा, सावकाश.