हिरवी फांदी कापली त्याची गोष्ट

माझ्या अंगणातल्या कुंडीत चट्ट्यापट्ट्यांचा शेफलेरा आहे, पानांसाठी लावतात ते शोभेचं झाड. हिरव्या पानांवर पिवळे शिंतोडे, बारा महिने तसाच. गेल्या वर्षी त्याला एक पूर्ण हिरवी फांदी फुटली आणि मी खुळ्यासारखी खूश झाले. दोन महिन्यांत तिने बाकीच्यांना मागे टाकलं. टाकणारच! पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी, म्हणजे अन्न कमी. हिरवी फांदी पोटभर जेवते आणि झाडभर पसरते. शेवटी ती जिथून फुटली तिथूनच छाटली. जीव हळहळला, पण ठेवली असती तर हळूहळू सगळं झाडच हिरवं झालं असतं.

रोपं करायची तर रंगीत फांदीच घ्यावी लागते, बी पेरून हा रंग टिकेल याचा भरवसा नाही. अगदी पिवळीधमकही नको, ती स्वतःला पोसू शकत नाही. मी अर्धवट जून फांदीचे १०-१२ सेंमीचे तुकडे पेराच्या जरा खाली कापले, वरची दोन पानं ठेवली, तीही अर्धी कातरून. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी निम्मी, वरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही.

पाचांपैकी दोन कुजले. पाणी जास्त झालं, माझा जुना रोग. उरलेले सहाव्या आठवड्यात हलकेच ओढून पाहिले, तर घट्ट धरून बसलेले. (रोज ओढून बघू नये. मी बघत होते.)