जी म्हळ्यार कोण?

मंगळवार, रात्री साडेनऊ. लाइट दोनदा जाऊन आली, आता तरी राहू दे.

रविवारपासून डोक्यात एकच चाललंय आणि ते इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. एक टिकली. वहिनीच्या पाकिटातली, वेल्वेटची, मरून, मधल्या साइझची. ती माझ्या शर्टाच्या बाहीला चिकटून बँडच्या प्रॅक्टिसला आली, आमच्या ड्रमरने, पात्रावने बघितली, आणि मी खोटं बोललो. म्हणजे बोललोसुद्धा नाही, नुसता हसलो. ते जास्त वाईट.

झालं असं की बेस गिटारच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे दांड्यावर जिथे बोटांनी तारा दाबतात तिथे, मी आठ टिकल्या लावल्या होत्या. जाड तारेखाली एफ, जी, ए, बी आणि शेजारच्या तारेखाली बी, सी, डी, ई. प्रत्येक टिकलीवर व्हाइटनरने त्या जागेच्या सुराचं अक्षर. आधी डायरेक्ट लाकडावरच व्हाइटनर फासला होता पण या पावसात हाताला जो घाम येतो त्यात आठवड्यात सगळं पुसून बोटं पांढरी, मग वहिनी म्हणाली हे घे, भिंतीला लावलेली पण निघत नाही.

आयडिया माझी नाही. पॉल सिमोननची, क्लॅश या इंग्लिश पंक बँडच्या बेसवाल्याची. त्याच बँडचा गिटारवाला मिक जोन्स त्याला गिटार शिकवायला गेला, ते काही जमेना, मग चार तारांचा बेस हातात दिला, आणि कुठला सूर कुठे हे लक्षात राहीना म्हणून त्या पठ्ठ्याने फ्रेटबोर्डवर अक्षरंच रंगवून टाकली. हे वाचलं तेव्हा मला एवढं बरं वाटलं होतं, रात्री एकटाच हसत बसलो होतो. म्हटलं, चला, आपल्या जातीचा माणूस सापडला.

आणि मग रविवारी म्हापशाला पोचायच्या आधी पेट्रोल पंपाच्या शेडखाली गाडी थांबवली, पाऊस होता म्हणून नाही, पाऊस तर डिचोलीपासूनच होता, बेस कव्हरमधून काढला आणि नखाने एकेक टिकली उपटली. पंपावरचा पोरगा बघत होता. सात मोजल्या. आठवी कव्हरमध्ये कुठेतरी पडली असेल असं वाटलं.

आता या सगळ्यात मूर्खपणा असा की टिकली निघते, गोंद निघत नाही. पहिलंच गाणं फास्ट, उजव्या हाताने सगळे डाउनस्ट्रोक, एका मिनिटात मनगट पेटतं, आणि डावा हात सरकवायला जावं तर तिसऱ्या फ्रेटला, दांड्यावरच्या तिसऱ्या घराला, बोट चिकटतंय. मी दोनदा हरवलो. पात्राव ड्रम थांबवून म्हणाला, कितें रे जालें? मी म्हटलं तारा जुन्या झाल्यात. तेवढ्यात त्याला बाहीवरची टिकली दिसली. काढली, उजेडात धरली, अक्षर वाचलं. ‘जी? रे, जी म्हळ्यार कोण?’ गौरी काय, गायत्री काय, सगळी उजळणी झाली. आणि मी हसलो. लाजल्यासारखा. सदतिसाव्या वर्षी.

बँडमधला मेस्त मात्र काही बोलला नाही. त्याने टिकलीकडे बघितलं, मग माझ्या फ्रेटबोर्डकडे, मग ॲम्पचं बटन फिरवायला वळला. तो चर्चच्या पॅरिश स्कूलमध्ये सोल्फेज, म्हणजे डो-रे-मी, घोकून मोठा झालेला, व्हायोलिन वाजवणारा माणूस, त्याला जी म्हणजे कोण हे विचारायची गरजच काय. त्याला कळलं की नाही, हे मी तीन दिवस चघळतोय. कळलं असेल तर तो गप्प का बसला. आणि नसेल कळलं तर... नाही, कळलंच असणार.

खरं तर मला लाज नक्की कशाची वाटली? सूर माहीत नाहीत याची म्हणावं तर त्यांना ते माहीत आहेच, कानांनी ऐकतायत ना दर रविवारी. मग टिकली दिसली तर असं काय होणार होतं? एक बाई आहे असं वाटू दिलं ते चाललं, पण एफ कुठे आहे ते शोधायला खूण लागते हे नाही चालणार. घरी तर... जाऊ दे, तो विषय नको.

वयाचंही असेल. सिमोनन तेव्हा वीस वर्षांचा. बेस हातात आल्यावर काही महिन्यांत, 4 जुलै 1976 ला, शेफील्डमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या आधी क्लॅशचा पहिला शो. मला चौदा महिने झाले, अजून म्हापशाच्या गॅरेजच्या बाहेर वाजवलेलं नाही. शिफ्ट करून यायचं, जेवायचं, हेडफोन लावून तासभर, आणि बेस त्याच्यासारखा गुडघ्यापर्यंत लोंबकळत ठेवायचा हट्ट केला त्याने मनगट गेलं ते वेगळंच. फोटोत छान दिसतं ते. वाजवताना हात असा वाकडा होतो की पहिला फ्रेट पुढच्या गावात असल्यासारखा वाटतो. मग पट्टा चार भोकं वर घेतला. आता मी भजनात मृदंग अडकवून उभा राहिल्यासारखा दिसतो.

आणि त्याचं वाजवणं म्हणजे, लोक म्हणतात सोपं आहे. सूर मोजकेच आहेत, हो. ‘गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ घेऊन बसलोय तीन आठवडे. त्याने स्वतः लिहिलेलं आणि स्वतःच गायलेलं, 1979 च्या ‘लंडन कॉलिंग’ अल्बममधलं. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये जमैकाचं रेगे ऐकत वाढलेला तो, त्यामुळे बाकीचं पंक धावतंय आणि याचा बेस आपला डुलत डुलत, कुणाच्या बापाला घाबरत नसल्यासारखा. सूर माझे दोन दिवसांत बसले. सुरांच्या मधली रिकामी जागा अजून बसत नाही. मी ती भरतो. हात आपोआप जातो. लहानपणापासून चवथीला घुमट वाजवलं, तिथे जागा दिसली की भरायची, आरती चढली की अजून भरायची, हाताला तीच सवय. गप्प बसणं हे वाजवण्यातच येतं हे कानाला कळतंय, हाताला कोण सांगणार. पाऊणपट स्पीडवर ऐकलं तर अजून उघड दिसतं, तो सूर सोडतो तेव्हा तळव्याने तार दाबून नीट बंद करतो. माझी तार आपली घूं करत राहते, निरोप घेऊन पण उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी.

इथपर्यंत लिहिलं आणि मेस्तचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

‘आयतारा जीक घेवन यो. सी आनी डी लेगीत.’ म्हणजे रविवारी जीला घेऊन ये, सी आणि डीलाही.

पाच मिनिटं फोन हातात धरून बसलो. मग हसू आलं, मोठ्याने, आतून आई विचारतेय काय झालं म्हणून. तीन दिवस! तीन दिवस मी स्वतःला खातोय आणि त्याने सी आणि डीचा पण हिशोब ठेवलाय. म्हणजे गोंदाचे डाग बघून त्याने मोजलं असणार, तिसरा फ्रेट, पाचवा फ्रेट. पात्रावला सांगितलं नाही म्हणजे. की सांगितलंय? ग्रुपवर तर शांतता आहे. पात्रावला जी ही गायत्रीच राहू दे, त्याला त्यात आनंद आहे.

बाबांना मघाशी जेवताना अर्धवट सांगितलं, टिकलीचं, बाईचं नाही. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. कुठले सूर आहेत म्हणाले तारांचे. म्हटलं ई, ए, डी, जी. त्यांनी ताटावरच पेटीची बोटं केली, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. मग म्हणाले, ‘चारही पांढऱ्या? काळ्या कोण वाजवतो मग?’ आणि वरणभात कालवायला लागले. या माणसाने तीस वर्षं गावच्या काल्याच्या उत्सवातल्या नाटकांत कामं केली, विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या रांगेतल्या शेंगदाणेवाल्यापर्यंत जायचा, अख्खं गाव दोन दोनदा संवाद ऐकायचं, आणि बाबा मिशीला पीळ देऊन दुसऱ्या खेपेला तेच वाक्य असं टाकायचे की टाळ्या त्यांनाच. प्रॉम्प्टरला कुणी पोत्यात घालून लपवल्याचं आठवत नाही मला.

भिंतीवर तो फोटो आहे, सगळ्यांच्याच भिंतीवर असतो तो, सिमोननचा, न्यूयॉर्कच्या पॅलेडियम थिएटरला बेस आपटतानाचा. पेनी स्मिथने काढलेला. फोकस नीट नाही म्हणून हा ‘लंडन कॉलिंग’च्या कव्हरवर नको असं तिचंच म्हणणं होतं. मी रोज बघतो तो, पण माझी नजर नेहमी आपटण्यावर असायची. आज पहिल्यांदा बघायला गेलो की त्या फ्रेटबोर्डवर अक्षरं दिसतायत का. काही दिसत नाही, सगळं हललेलं. त्याचा तुटलेला बेस लंडनच्या म्युझियममध्ये गेला, माझा इथे गोंद लागलेला पलंगावर पडलाय. खोबरेल तेलाने निघतो म्हणे गोंद. पण आता काढून तरी काय करू, त्याच जागी परत लावायच्यात.

मेस्तला उत्तर टाकलं, ‘हाडटां’, आणतो. एवढंच.

मग वहिनीकडे पाकीट मागायला गेलो. मरून संपल्या म्हणाली, हिरव्या आहेत, बारीक खड्याच्या. खड्यावर अक्षर कसं लिहिणार? ते तुझं तू बघ म्हणाली, आणि मागच्या पाकिटाचे वीस रुपये कधी देतोस.